ऑस्मंड सरदार आणि राजाचा हरवलेला भाऊ

एक होता सरदार. राजा नव्हे हं, सरदारच. पण इतका मोठा, इतका मोठा, की राजाला त्याची धास्ती वाटायची.

तो राहायचा पार समुद्रापलीकडे, सॅक्सन लोकांच्या मुलखात. तिथे थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ यायची. घरं लाकडाची, वर गवताची छपरं. आणि धुकं? समोरची मेंढी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मुकुल, पाय पांघरुणात घे बरं, थंडीचं नाव काढलं की लगेच बाहेर काढतोस.

सरदाराचं नाव ऑस्मंड. बाप साधा मेंढपाळ. पण ऑस्मंड हुशार, धिप्पाड, बोलायला गोड. शिपाई झाला, मग नाईक झाला, मग सरदार झाला. दंडावर सोन्याचं जाड कडं आलं. तिकडे सरदारकीची तीच खूण असायची. तो हसला की छपरावरची कबुतरं उडून जायची. दुष्काळ पडला की त्याच्या कोठाराची दारं उघडी व्हायची. म्हणून काय व्हायचं, की राजा आणि ऑस्मंड बरोबर निघाले, तरी लोक आधी ऑस्मंडला मुजरा करायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं, आणि घाईघाईने राजाला करायचे. राजाला ते दिसायचं, बरं का.

राजाचं नाव सेवाल्ड. वयाने तरुण, अंगाने बारीक, मनाने एकटा. एकटा का, तर ऐका.

हा सेवाल्ड लहान होता ना, तेव्हा एका परक्या राजाने त्यांचा मुलूख जिंकून घेतला. सेवाल्डचे वडील लढाईत गेले. आई दोन मुलांना घेऊन जहाजात बसली आणि दूरदेशी पळाली. थोरला एड्रिक, धाकटा सेवाल्ड. पुढे एड्रिक बारा वर्षांचा झाला. त्याला घराची फार आठवण यायची. एक दिवस तो लोकरीच्या गाठोड्यांत लपला आणि जहाजातून गुपचूप आपल्या मुलखात आला. किनाऱ्यावर पहिलं मोठं घर लागलं ते ऑस्मंडचं. त्याने दार वाजवलं. ऑस्मंडने त्याला आत घेतलं.

आणि त्यानंतर एड्रिकला कुणी पाहिलं नाही.

लोक कुजबुजायचे. कुणी म्हणायचं, ऑस्मंडनेच मारलं. ऑस्मंड म्हणायचा, "मी त्याला मारलेलं नाही." एवढंच म्हणायचा, आणि विषय बदलायचा.

मग तो परका राजा मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. सगळे विचारात पडले, आता गादीवर कोण? तेव्हा ऑस्मंडनेच जहाज पाठवून सेवाल्डला आणवलं. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आपली लाडकी लेक मिल्डा त्याला दिली. सगळं दिलं. पण सेवाल्ड त्याच्याकडे बघायचा, तेव्हा त्याला एकच दिसायचं. भाऊ याच्या दारात गेला होता.

असं मनात असलं की भांडणाला निमित्त लागतंच कितीसं? ते असं मिळालं.

सीलबरी नावाचं एक बंदर होतं. कोळ्यांचं गाव. एकदा राजाचे दूरदेशीचे मित्र जहाजं घेऊन तिथे उतरले. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या वाळत ठेवलेल्या. मित्र म्हणाले, आमच्या जहाजांना जागा करा. कोळी म्हणाले, जरा दम धरा, भरती येऊ दे. तर या लोकांनी काय करावं? कुऱ्हाडी घेतल्या, होड्या फोडल्या, आणि त्याच लाकडांची शेकोटी करून शेकत बसले! मग कोळीही चिडले. वल्ही घेऊन धावले. चांगलं बडवलं, आणि एकेकाला उचलून समुद्रात टाकलं. भिजलेले, सुजलेले मित्र राजाकडे रडत गेले. शेकोटीचं काही बोलले नाहीत. मार मिळाला तेवढंच सांगितलं.

राजा संतापला. त्याने ऑस्मंडला बोलावलं.

"सीलबरी तुमच्या अमलात आहे ना? जाळून टाका."

ऑस्मंड म्हणाला, "महाराज, आधी त्यांना बोलवा. काय झालं ते विचारा. मग शिक्षा करायची तर करा."

"मी तुम्हाला विचारत नाहीये. हुकूम देतोय."

"मग माझ्याच्याने तो पाळवणार नाही," ऑस्मंड म्हणाला, आणि निघून गेला.

राजाने दुसऱ्यांदा निरोप पाठवला. गाव जाळा, नाहीतर सरदारकी जाईल. ऑस्मंडने नाही म्हटलं. राजाने तिसऱ्यांदा निरोप पाठवला. गाव जाळा, नाहीतर डोकं जाईल. ऑस्मंडने पुन्हा नाही म्हटलं.

मग राजा फौज घेऊन निघाला. ऑस्मंडची माणसंही भाले घेऊन गोळा झाली. मधे एक मोठी नदी. या काठाला राजा, त्या काठाला ऑस्मंड. ऑस्मंडची माणसं म्हणाली, "सरदार, फक्त हो म्हणा. संध्याकाळपर्यंत मुकुट तुमच्या डोक्यावर." आणि ते खरं होतं, बरं का. त्याची माणसं जास्त होती.

ऑस्मंडने नदीपलीकडे पाहिलं. राजाकडच्या एका शिपायाने हात हलवला. इकडच्या शिपायाने हात हलवला. ते दोघे साडू होते. आणि राजाच्या शेजारी घोड्यावर मिल्डा बसलेली, चेहरा पांढराफटक. एकीकडे नवरा, एकीकडे बाप. ती बिचारी कुणाकडे बघणार? ती पाण्याकडे बघत होती.

ऑस्मंडने भाला जमिनीवर ठेवला आणि ओरडून विचारलं, "महाराज, काय दिलं म्हणजे हे मिटेल?"

राजाचा आवाज चिरकला. तो ओरडला, "माझा भाऊ दे! जिवंत दे! मग सीलबरी वाचली आणि तूही वाचलास!"

मग राजाचे ते मित्र हसायला लागले. मेलेलं माणूस कोण आणून देणार?

ऑस्मंड हसला नाही. त्याने विचारलं, "मुदत किती?"

राजा म्हणाला, "नदी गोठेपर्यंत. नदी गोठली की माझी फौज बर्फावरून चालत येईल."

मग ऑस्मंड एकटाच निघाला. घोडा नाही, नोकर नाही.

आधी तो गेला खलाशांकडे. एड्रिक परत जहाजात बसला होता का हो? खलाशी म्हणाले, नाही.

मग तो गेला एका म्हाताऱ्या शिपायाकडे. हा एके काळी त्या परक्या राजाच्या पदरी होता. आता मधमाश्या पाळायचा. ऑस्मंडला पाहून तो घाबरला. म्हणाला, "कुणाला सांगितलं नाही आजवर. वेडा म्हणतील. पोराला आम्हीच नेलं. दलदलीत नेऊन बुडवायचा हुकूम होता. नावेत त्याला दोरीने बांधला होता. ढकलायला गेलो, तर हातात नुसती दोरी! आणि नावेतून एक बगळा उडाला. राखी रंगाचा."

ऑस्मंडने त्याचे हात धरले. म्हणजे तो मेला नव्हता!

मग तो गेला दलदलीत. केवढी ती दलदल! नजर पोचेल तिथवर पाणी, चिखल आणि लव्हाळे. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. ऑस्मंड चालला, पडला, उठला, परत चालला. तर मधोमध एका उंचवट्यावर एक म्हातारी लव्हाळ्यांची टोपली विणत बसलेली. केस शेवाळासारखे हिरवे, पावलं बदकासारखी. घाबरू नका रे, चांगली होती ती. आणि तिच्या शेजारी एक राखी बगळा उभा.

ऑस्मंड म्हणाला, "आजी, हा बगळा मला द्या."

म्हातारी वरसुद्धा बघेना. "माझं पोर आहे ते. बुडवायला आणलं होतं कुणीतरी. मी त्याला पंख दिले. आता तू कोण न्यायला?"

"हवी तेवढी जमीन देतो."

"जमीन बक्कळ आहे मला. सगळी ओली, एवढंच."

ऑस्मंड म्हणाला, "मग तुम्हीच सांगा."

म्हातारी म्हणाली, "ते कडं काढ." ऑस्मंडने दंडावरचं सोन्याचं कडं काढून दिलं. वीस माणसांशी लढून मिळवलेलं कडं, पण दिलं. म्हातारीने ते टोपलीच्या तोंडाला विणून टाकलं.

म्हातारी म्हणाली, "आता तुझा चेहरा दे. तुला बघून वाटा मोकळ्या होतात, लोक मुजरे करतात. ते पुरे." तिने चिखलाचा हात त्याच्या तोंडावरून फिरवला. ऑस्मंडने पाण्यात वाकून पाहिलं. पाण्यात एक अनोळखी, थकलेला म्हातारा होता. त्याला फार वाईट वाटलं. पण तो म्हणाला, "ठीक आहे."

मग म्हातारीने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तिसरं मला नको देऊस. राजाला दे. त्या दिवशी काय झालं ते त्याच्यासमोर, सगळ्यांच्या देखत सांग. अर्धं नाही, सगळं. सगळं सांगितलंस तर पोर माणसात येईल. काही मागे ठेवलंस तर बगळा उडून माझ्याकडे परत येईल."

ऑस्मंडला घाम फुटला. एवढ्या थंडीत! कडं देणं सोपं होतं, बाळांनो. चेहरा देणं त्याहून कठीण. पण हे? त्याने एकदा बगळ्याकडे पाहिलं. मग त्याने बगळा उचलला, कोंबडी धरतात तसा काखेत धरला, आणि चालू लागला.

इकडे काय झालं, थंडी वाढली. नदीच्या काठाला बर्फ धरलं. मग ते मधोमध सरकलं. शिपाई भाल्याने टोचून बघायला लागले, वजन पेलेल का. पलीकडे सीलबरीची माणसं मुलंबाळं घेऊन ऑस्मंडच्या फौजेमागे येऊन बसली होती. राजाचा तंबू अलीकडे. ऑस्मंड तिथे पोचला, तर पहारेकऱ्याने त्याला भाल्याच्या दांड्याने ढोसलं. "ए म्हाताऱ्या, बगळ्याचा खेळ करतोस काय?" हाच पहारेकरी पूर्वी त्याला वाकून मुजरा करायचा.

तंबूबाहेर मिल्डा गोरगरिबांना भाकरी वाटत होती. जवाची भाकरी. तिने एक ऑस्मंडच्या हातावर ठेवली. ओळखलं नाही. लेकीने बापाला ओळखलं नाही. ती हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही लांबून आलात. वाटेत माझे वडील दिसले का हो? उंच आहेत. दंडावर कडं आहे."

ऑस्मंडने भाकरी सदऱ्यात ठेवली. तो म्हणाला, "दिसले. येतायत, मुली."

आणि तो आत गेला.

राजा हुकूम द्यायच्या बेतात होता. म्हाताऱ्याला पाहून त्याचे मित्र हसले. राजा म्हणाला, "काय करतो तुझा बगळा?"

"महाराज, मी ऑस्मंड."

तंबूत खदखदून हशा झाला. राजा म्हणाला, "ऑस्मंडला मी ओळखत नाही काय?"

म्हातारा म्हणाला, "तुमच्या भावाने माझ्या घरी भाकरी खाल्ली. मधलं मऊ खाल्लं आणि कडा काढून ठेवल्या. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, कडा माझ्या धाकट्याला आवडतात."

राजाचा चेहरा उतरला. हे त्याच्याखेरीज आणि एड्रिकखेरीज कुणाला माहीत नव्हतं. हसणं थांबलं. मिल्डा तंबूच्या दारात येऊन उभी राहिली.

ऑस्मंड बोलायला लागला. "सकाळी शिपाई आले. हातात पलिते. म्हणाले, पोरगा द्या, नाहीतर छप्पर पेटवतो. आत माझी बायको होती. पाळण्यात मिल्डा होती. ते म्हणाले, पोराच्या केसालाही धक्का लावणार नाही."

तो थांबला. बगळ्याने काखेत पंख हलवले. उडतो की काय! ऑस्मंडने डोळे मिटले.

"मला कळत होतं ते खोटं बोलतायत. कळत असून मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. पोर माझ्या मागे उभं होतं. माझा सदरा धरून. मी त्याची बोटं सोडवली. आणि दार मी उघडलं. महाराज, मी त्याला मारलं नाही, हे मी जगाला सांगत आलो. ते खरं आहे. दार मी उघडलं, हे कुणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

राजाने तलवार उपसली. ऑस्मंड मागे सरला नाही. नुसता मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात बगळा त्याच्या काखेतून निसटला आणि दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. पंख पसरले. एक पीस गळालं, मग दुसरं, मग भराभर सगळी! राखाडी पिसांचा ढीग झाला. आणि ढिगात उभा होता एक बारा वर्षांचा मुलगा. ओला सदरा, विस्कटलेले केस.

तो मुलगा मान वर करून राजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "धाकट्या? तू एवढा मोठा कधी झालास रे?"

तलवार खाली पडली. राजा गुडघ्यांवर बसला, तेव्हा कुठे तो मुलाच्या उंचीचा झाला. त्याने भावाला असं घट्ट धरलं, असं घट्ट धरलं, की काही विचारू नका. सगळे रडत होते. ते फिदीफिदी हसणारे मित्रसुद्धा.

आणि ऑस्मंडचा चेहरा? तो हळूहळू परत आला. मिल्डाने पाहिलं, हे तर बाबा! तिला राग आला होता, आणि रडूही येत होतं. तिने आपली शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

राजा भावाला म्हणाला, "दादा, तू सांग. याचं काय करू?"

एड्रिकने विचार केला. म्हणाला, "बोटं सोडवली होती ते माझ्या अजून लक्षात आहे. मला राग आहे त्यांचा. पण चिखल तुडवत मला शोधायला तेच आले. दुसरं कुणी आलं नाही."

राजाने मान खाली घातली. तोही कधी शोधायला गेला नव्हता, नाही का? मेला म्हणाले, त्याने मानलं.

मग राजा ऑस्मंडला म्हणाला, "माफ केलं, असं आज माझ्या तोंडून निघणार नाही."

"निघायला नको, महाराज."

"पण बसा. गारठलायत तुम्ही." आणि त्याने स्वतः शेगडी त्याच्याकडे सरकवली.

मग राजाने आपला मुकुट काढला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला. थोरला तो ना! पण मुकुट डोक्यावरून घसरला, कानांवरून घसरला, आणि गळ्यात जाऊन अडकला. एड्रिक म्हणाला, "हे तूच घाल बाबा. मला आत्ता भूक लागलीय. आणि मासा नको हं, कंटाळा आलाय." सगळे हसले. ऑस्मंडही हसला. पलीकडच्या काठावर त्याच्या माणसांना ते हसू ऐकू आलं, तेव्हा त्यांनी भाले खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी राजा बर्फावरून पलीकडे गेला. फौज नाही, नुसते ते दोघे भाऊ. त्याने सीलबरीच्या कोळ्यांना विचारलं, "काय झालं होतं?" कोळ्यांनी सांगितलं. राजाने आपल्या रानातलं लाकूड दिलं, आणि होड्या बांधायला कुणाला बसवलं माहितीय? त्या मित्रांना! हातांना फोड आले बिचाऱ्यांच्या. पण होड्या बऱ्या झाल्या.

राजा आणि ऑस्मंड पुढेही भांडायचे. कर किती घ्यावा, पूल कुठे बांधावा, यावरून जोरजोरात भांडायचे. पण समोरासमोर बसून. आणि एका वर्षी, कुठल्याशा साध्याच दिवशी, राजाच्या तोंडून ते निघालं. "केलं माफ," म्हणाला, आणि पुन्हा पुलाबद्दल बोलायला लागला. मिल्डाला मुलं झाली. एड्रिक त्यांच्याबरोबर खेळत खेळत मोठा झाला. सगळे सुखाने राहिले.

अरे हो, एक राहिलंच. एड्रिक परत आला ना, त्या दिवशी त्याला झोपायला मऊ गादी घातली. राजा बघायला गेला, तर हे पोर गादीवर एका पायावर उभं! डोळे मिटलेले, मान खांद्यात. इतकी वर्षं बगळा होता ना, आडवं कसं व्हायचं तेच विसरला होता. मग राजाने काय केलं, त्याला हळूच उचललं. आडवं केलं. उशी दिली, पांघरूण घातलं, आणि त्याचा हात धरून बसून राहिला, झोप लागेपर्यंत.

चला, आता तुम्हीही आडवे व्हा. उर्वी, तू तर कधीच झोपलीस की गं. मुकुल, मिट डोळे. आहे मी इथेच.